धारेपासून पोलादाकडे
(वस्तरा घडवू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना)

वस्तरा घडवायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो पोलादाचा. कोणतं घेऊ? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर पोलादाच्या दुकानात सापडत नाही. ते धारेवर असतं. धार किती पातळ व्हायची आहे, तिला काय सोसायचं आहे, आपल्या भट्टीत तापमान किती नेमकं सांभाळता येतं आणि तयार पातं कोणत्या हवेत राहणार आहे, एवढं कळलं की बाजारातली बहुतेक नावं आपोआप गळतात. उरलेल्या दोन-चारांतून निवड करणं मग अवघड राहत नाही. धारेपासून सुरुवात करून मागे मागे पोलादाच्या पट्टीपर्यंत कसं यायचं, हे या पुस्तकात मांडलं आहे.

या विषयाचं ज्ञान आपल्याकडे नाही असं मुळीच नाही. ते तीन ठिकाणी वाटलं गेलं आहे. लोहाराला आगीचा रंग कळतो, आणि तापलेल्या लोखंडाला पाणी कधी पाजायचं ते त्याच्या हाताला ठाऊक असतं. नाभिकाला धार कळते. पातं गालावर टेकताक्षणी ते ओढतंय की सरकतंय हे तो सांगतो. धातुशास्त्र शिकलेल्याला पोलादाच्या पोटात काय घडतं ते माहीत असतं. वस्तऱ्याला हे तिन्ही लागतं, आणि ही तीन माणसं एका ओसरीवर क्वचितच बसतात. त्यांना एकत्र बसवावं, हा या लेखनाचा हेतू आहे. यातला एक भाग ज्याला येतो त्याने उरलेल्या दोन भागांना बिचकू नये. ते शिकता येतात.

सावंतवाडी ही या चर्चेला चांगली जागा आहे. इथल्या जांभ्याचा तांबडा रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा, आणि शेजारच्या वेंगुर्ले तालुक्यात रेडीला लोहखनिजाच्या खाणी. सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरच्या परिसरात, धावड लोक एकोणिसाव्या शतकापर्यंत जांभ्यातलं लोखंड लाकडी कोळशावर गाळत असत. पण खनिज म्हणजे लोखंड नव्हे आणि लोखंड म्हणजे पोलाद नव्हे. आज कोकणातल्या लोहारसाळेत कोयत्यासाठी ऐरणीवर येणारं पोलाद बरेचदा ट्रकच्या जुन्या कमान-पाट्याचं असतं. त्यात कार्बन साधारण 0.5 ते 0.6 टक्के, सोबत सिलिकॉन किंवा क्रोमियम. मार खाऊनही न तुटणं हा त्याचा मोठा गुण. झावळ्या तोडणाऱ्या, शहाळं छाटणाऱ्या, कवळ तोडणाऱ्या कोयत्याला नेमकं हेच हवं असतं. त्यामुळे इथला नवा कारागीर साहजिकच वस्तऱ्यासाठीही कमान-पाट्याकडेच वळतो. तिथेच त्याला थांबवायला हवं. वस्तऱ्याच्या नशिबी घाव नाहीत. त्याच्यासमोर फक्त केस आहे आणि केसाखालची कातडी आहे. त्याच्या मागण्या वेगळ्या आहेत.

त्या मागण्या समजून घ्यायला वस्तऱ्याची घडण जवळून पाहावी लागते. धार लावताना पात्याची जाड पाठ आणि धार ही दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात. म्हणजे धारेचा कोन हाताच्या सवयीवर सोडलेला नसतो. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणातूनच तो ठरतो. पातं 20 मिलिमीटर रुंद आणि पाठ 5.8 मिलिमीटर जाड असेल तर दोन्ही बाजूंचा मिळून कोन साडेसोळा अंशांच्या जवळ येतो. स्वयंपाकघरातल्या साध्या सुरीचा कोन बहुधा तीस अंशांच्या पुढे असतो, कोयत्याचा त्याहून जास्त. पाठ आणि धार यांच्यामधला भाग गोल चाकावर कोरून पोकळ केलेला असतो, म्हणून धारेमागे आधाराला फार थोडं पोलाद उरतं. आणि धारेचं टोक? नीट लागलेल्या वस्तऱ्यात ते अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असतं. दाढीचा केस साधारण शंभर मायक्रॉनचा धरला, तर टोकाची जाडी केसाच्या दोनशेव्या हिश्शाएवढी भरते.

एवढ्या बारीक टोकाला पोलादाचा दाणा कळीचा ठरतो. पाणी पाजलेलं पोलाद एकजिनसी नसतं. मार्टेन्साइट नावाच्या कठीण रचनेत कार्बाइडचे त्याहून कठीण कण रुतलेले असतात. साध्या उच्च-कार्बन पोलादात, त्याला नीट वागवलं असेल तर, हे कण मायक्रॉनभर किंवा त्याहून लहान राहतात. डाय बनवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डी-2 पोलादात दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असतं. त्यातले क्रोमियम कार्बाइडचे मोठे कण वीस मायक्रॉन आणि त्याच्याही पुढे जातात. जांभ्याचा चिरा कितीही तासला तरी त्याची कड सहाणेसारखी नितळ होत नाही, कारण आतले खडे एकतर वर येतात नाहीतर निखळून खळगा सोडतात. अर्ध्या मायक्रॉनच्या धारेवर वीस मायक्रॉनचा कण आला की तेच घडतं. डी-2 वाईट नाही; पत्रा कापणाऱ्या डायला तेच कण वर्षानुवर्षं झिजू देत नाहीत. ते दुसऱ्या कामाचं पोलाद आहे, इतकंच.

दाण्याइतकाच त्याचा एकसारखेपणाही महत्त्वाचा आहे. 2020 साली अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाढीच्या पात्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असलेला केस पोलादाची धार बिघडवतो कसा, हा त्यांचा प्रश्न होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दिसलं की धार नुसती झिजून बोथट होत नाही, तिचे बारीक टवके उडतात. केस वाकून तिरका लागला आणि त्या जागी धारेची अंतर्रचना एकसारखी नसली, एका बाजूला कठीण आणि लगत मऊ अशी असली, की टवका उडण्याची शक्यता वाढते. नाभिकांना हे अनुभवाने माहीत होतं. एखादं पातं गालावर एकाच ठिकाणी ओढतं, पुन्हा पुन्हा लावूनही तिथेच ओढतं. दोष कधी दगडाचा असतो, पण कधी पोलादाचाही असतो.

मग वस्तऱ्याच्या मागण्या तीन. रॉकवेल सी मापावर साधारण 60 ते 63 कठीणपणा, बारीक दाणा, आणि टोकापासून टाचेपर्यंत एकसारखी रचना. झीज सोसण्याची विलक्षण ताकद या यादीत नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. वस्तरा दर वेळी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवला जातो आणि अधूनमधून दगडावर येतो. जे पोलाद दगडाला दाद देत नाही, ते वापरणाऱ्याच्या हाती फार दिवस धारदार राहत नाही. सहज पाजवता येणं हा वस्तऱ्याच्या पोलादाचा मोठा गुण आहे.

या मागण्या नव्या नाहीत. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रांच्या धारेची मापं दिली आहेत, मसुराच्या डाळीपासून केसापर्यंत आणि अर्ध्या केसापर्यंत. कोणत्या कामाला कोणती धार ते तिथे ठरवून दिलं आहे, आणि शस्त्राला पाणी पाजण्याचे क्षार, पाणी आणि तेल असे तीन मार्ग सांगितले आहेत. काम आधी, धार त्यानंतर, आणि पाणी पाजणं त्या धारेला साजेल असं, हा क्रम त्या मांडणीत आहे. आजही आपल्याला तोच क्रम पाळायचा आहे.

पोलादाच्या इतिहासात वस्तऱ्याला एक खास जागा आहे, आणि त्या इतिहासाची एक वाट मुंबईतून जाते. दख्खनमध्ये, विशेषतः आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रम आणि आसपासच्या गावांत, मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि वनस्पतीजन्य कार्बन एकत्र तापवून वुट्झ नावाने जगभर गाजलेलं पोलाद तयार होत असे. त्यात कार्बन साधारण सव्वा ते पावणेदोन टक्के. 1794 मध्ये मुंबईतले कंपनी सरकारचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर सोसायटीपुढे निबंध वाचला. पोलाद मुंबईत बनतं असा त्यांचा समज होता. वास्तविक मुंबई हे फक्त ते जहाजावर चढवण्याचं बंदर होतं. लंडनच्या स्ट्रँड भागातले हत्यारकार जेम्स स्टोडार्ट यांनी त्या पोलादाच्या वड्यांवर हातोडा चालवून पाहिला. शस्त्रक्रियेची हत्यारं आणि बारीक पाती करण्यासाठी त्यांना ते पोलाद इतकं पसंत पडलं की आपल्या दुकानाच्या जाहिरातीत ते वुट्झचं नाव छापू लागले.

याच स्टोडार्ट यांच्यासोबत मायकेल फॅरडे यांनी 1818 ते 1822 या काळात रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये पोलादावर प्रयोग केले. विजेच्या संशोधनाने नाव मिळवण्याआधीचे हे फॅरडे. वुट्झ इतकं चांगलं का, हे त्यांना शोधायचं होतं. 1819 मध्ये त्यांनी त्याचं श्रेय त्यातल्या अॅल्युमिनियमला दिलं. मग त्यांनी पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम असे धातू मिसळून पाहिले. चांदी पाचशेत एक भाग, त्याहून जास्त घातली तर ती पोलादात न विरघळता बाहेर येई. या पोलादांचे वस्तरे करून फॅरडे यांनी स्नेह्यांना भेट दिले. वुट्झचं गुपित मात्र मौल्यवान धातूंत नव्हतं. पॅरिसच्या टांकसाळीतले ब्रेआं यांनी त्याच दशकात दाखवून दिलं की सगळा खेळ कार्बनचा आणि तो गोठताना कसा मांडला जातो याचा आहे. पण ‘सिल्व्हर स्टील’ हे नाव शेफील्डच्या वस्तऱ्यांवर पुढे अनेक वर्षं झळकत राहिलं, आणि आजही बाजारात त्याच नावाने गोल सळी मिळते. तिच्यात 1.1 ते 1.2 टक्के कार्बन आणि किंचित क्रोमियम असतं, चांदी नसते. 1931 मध्ये रॉबर्ट हॅडफील्ड यांनी फॅरडे यांचे जपून ठेवलेले नमुने तपासून त्यावर एक ग्रंथच लिहिला. पोलादाच्या अभ्यासकाने ही कहाणी जवळ बाळगावी अशी आहे. फॅरडे यांच्यासारखा माणूसही आधी मिसळणीकडे वळला. आपणही वळतो. म्हणून ‘यात काय काय घातलंय?’ याच्या आधी ‘यात कार्बन किती आणि तो कसा पसरलाय?’ हे विचारायची सवय लावून घ्यावी.

शेफील्डचा स्वतःचा इतिहासही हेच शिकवतो. 1740 च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने मुशीत पोलाद पूर्ण वितळवण्याची पद्धत बसवली, कारण त्याला घड्याळाच्या स्प्रिंगसाठी एकसारखं पोलाद हवं होतं. त्याआधीच्या पोलादात कार्बन कुठे जास्त, कुठे कमी असे. वितळवल्यावर तो सर्वत्र सारखा झाला. आणि मुशीत घालायचं लोखंड शेफील्डकर स्वीडनमधल्या डॅनेमोरा भागातून आणत, कारण त्यात गंधक आणि फॉस्फरस फार कमी. शुद्ध कच्चा माल, एकसारखा कार्बन, बारीक दाणा. शेफील्डच्या जुन्या वस्तऱ्यांची कीर्ती या तीन गोष्टींवर उभी आहे.

आता आपल्या बाजाराकडे येऊ. सावंतवाडीहून आंबोली घाट चढला की बेळगावचं उद्यमबाग आणि कोल्हापूरचं उद्यमनगर आवाक्यात येतं. मोठी खरेदी असेल तर कळंबोलीचा पोलाद बाजार आहे. तिथे नावं ऐकू येतात ती अशी. ईएन-8 आणि ईएन-24, दोन्हींत कार्बन 0.4 टक्क्याच्या आसपास. शाफ्ट आणि गिअरसाठी उत्तम, वस्तऱ्यासाठी नाही. ईएन-45, म्हणजे स्प्रिंगचं पोलाद, ते कोयत्याचं. एचसीएचसीआर या नावाने मिळणारं डी-2 किंवा डी-3, दाणा जाड. ओएचएनएस, म्हणजे तेलात पाणी पाजायचं टूल स्टील, कार्बन 0.9 टक्क्याच्या आसपास, थोडं मँगनीज, थोडं क्रोमियम आणि टंगस्टन. हे वस्तऱ्याला शोभतं आणि पाणी पाजताना फार वाकत नाही. ईएन-31, बॉल बेअरिंगचं पोलाद. कार्बन एक टक्का, क्रोमियम जवळजवळ दीड टक्का, दाणा अतिशय बारीक. नेमकं तापमान सांभाळता येणाऱ्यासाठी उत्तम. आणि वर सांगितलेलं सिल्व्हर स्टील. सुरुवात करणाऱ्याने ओएचएनएस किंवा सिल्व्हर स्टील यांतलं एक घ्यावं, असा या पुस्तकाचा सल्ला आहे. त्याची कारणं पुढे सविस्तर येतील.

जुन्या कानशीचाही उल्लेख केला पाहिजे. कोकणाला कानस परकी नाही. रत्नागिरी आणि चिपळूणला कानशी बनवण्याचे कारखाने उभे राहिले. चांगल्या कानशीत सव्वा टक्क्याच्या आसपास कार्बन असतो, आणि तिच्यातून सुंदर वस्तरा होऊ शकतो. अडचण इतकीच की प्रत्येक कानस तशी नसते. काही स्वस्त कानशींचा फक्त पृष्ठभाग कठीण केलेला असतो, आत मऊ लोखंड. भंगारातल्या कोणत्याही तुकड्याची हीच गोष्ट आहे. ग्राइंडरवर टेकवल्यावर ठिणग्यांना दाट फाटे फुटले तर कार्बन जास्त आहे एवढं कळतं. किती जास्त आणि सोबत काय, ते कळत नाही. हिशोबही पाहा. एका वस्तऱ्याला साधारण 150 मिलिमीटर लांब, 20 रुंद आणि 6 जाड एवढी पट्टी लागते. तिचं वजन भरतं सुमारे 140 ग्रॅम. म्हणजे एका किलोत सात वस्तरे. घडणीला लागणाऱ्या दिवसांच्या मानाने पोलादाची किंमत नगण्य आहे. अनोळखी तुकड्यावर ती मेहनत घालण्यात शहाणपण नाही. टेस्ट सर्टिफिकेट आणि हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या त्या ओतीचा क्रमांक, असलेली पट्टी मागावी, आणि तो नंबर वहीत लिहून ठेवावा.

पण कागदावरची ओळख पुरेशी नाही. प्रत्येक नव्या पट्टीची एक परीक्षा स्वतः घ्यावी, आणि ती फार सोपी आहे. पट्टीच्या टोकाचे बोटभर लांबीचे तीन तुकडे कापावे. पहिला चुंबक सोडून देईपर्यंत, म्हणजे 770 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा. दुसरा त्याच्या जरा पुढे, साधारण 800 पर्यंत. तिसरा मुद्दाम नारिंगी-पिवळा होईपर्यंत. तिन्ही तेलात विझवून, शेगड्यात एकेक धरून, डोळ्यांना चष्मा लावून हातोडीने तोडावे. तुटलेला भाग भिंगाखाली पाहावा. योग्य तापमानाचा तुकडा करड्या रंगाचा, मखमली, जवळजवळ कणच न दिसणारा असा तुटतो. जास्त तापलेल्यात चकाकणारे खडबडीत कण नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. कमी तापलेला तुटण्याआधी वाकतो. आपल्या भट्टीत, आपल्या डोळ्यांना दिसणारा कोणता रंग आपल्या पोलादाला मानवतो, हे या तीन तुकड्यांतून जितकं स्पष्ट कळतं तितकं कोणत्याही तक्त्यातून कळत नाही.

इथून आपण आगीपाशी येतो, आणि माझ्या मते निवडीचा खरा निकष इथे आहे. जे पोलाद आपल्या भट्टीत पूर्ण न्याय मिळवू शकतं, तेच आपल्यासाठी उत्तम. साधं उच्च-कार्बन पोलाद कोळशाच्या भट्टीतही साधतं. अंधाऱ्या साळेत सावकाश तापवलं तर 727 अंशांच्या वर, आतली रचना बदलू लागताना, पात्यावरून एक काळसर सावली सरकत जाते आणि मग सगळं पातं एकसारखं उजळतं; अनुभवी डोळा तो क्षण ओळखतो. ओएचएनएसला 800 अंशांच्या आसपास काही मिनिटं स्थिर ठेवावं लागतं. ईएन-31 ला त्याहून थोडं जास्त तापमान आणि तीच स्थिरता हवी असते, म्हणून तिथे विजेची, तापमान दाखवणारी भट्टी बरी. विझवण्यासाठी तेल पन्नास-साठ अंशांपर्यंत कोमट करून घ्यावं. खोबरेल वापरणाऱ्याने लक्षात ठेवावं की ते चोवीस अंशांच्या खाली थिजतं. थंडीतल्या सकाळी ते आधी पातळ करावं लागतं. विझवल्यानंतर लगेच 150 ते 200 अंशांवर तासतासभर दोनदा तापवून कडकपणा जरासा उतरवायचा. त्यानंतर चाकावर पोकळ कोरताना पातं बोटांना चटका बसेल इतकंही तापू द्यायचं नाही. निळसर डाग उमटला की तिथली धार गेली. मग पोलाद कितीही नामांकित असो.

हवेचा विचार आपल्याकडे टाळता येत नाही. सावंतवाडीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, याच तालुक्यातल्या आंबोलीला सात हजारांच्या वर. वेंगुर्ले-मालवणच्या किनाऱ्यावर हवेत मीठही असतं. अर्ध्या मायक्रॉनच्या धारेला गंज डोळ्यांना दिसायच्या आधीच खातो. म्हणून स्टेनलेसचा मार्ग खुला ठेवला पाहिजे, पण तो डोळसपणे. 440-सी सारख्या जुन्या स्टेनलेसमध्ये कार्बाइड जाड असतात. स्वीडनमध्ये दाढीच्या पात्यांसाठीच विकसित झालेली एईबी-एल आणि 13सी26 ही पोलादं मात्र वेगळी आहेत, कार्बन 0.65 ते 0.7 टक्के, क्रोमियम तेरा टक्के, आणि कार्बाइड बारीक. त्यांना हजार अंशांच्या पुढचं तापमान आणि विझवल्यानंतर अतिशीत प्रक्रिया लागते. ती सोय असेल तर किनाऱ्यावरच्या गिऱ्हाइकासाठी हे उत्तम. सोय नसेल तर साधं पोलाद घ्यावं आणि गिऱ्हाइकाला वापरानंतर पातं कोरडं पुसून तेलाचा हात फिरवायला शिकवावं. जगातले उत्तमोत्तम जुने वस्तरे याच शिस्तीवर टिकले आहेत.

पट्टी विकत घेताना चार गोष्टी पाहाव्या. ती नरमावलेली असावी, नाहीतर कानस आणि ड्रिल चालणार नाही. गरम लाटलेल्या पट्टीच्या पृष्ठभागातला कार्बन जळून गेलेला असतो, म्हणून जाडी गरजेहून मिलिमीटरभर जास्त घ्यावी आणि वरची साल काढून टाकावी. पात्याची लांबी पट्टी लाटल्याच्या दिशेनेच ठेवावी. आणि पट्टी सरळ असावी. वाक काढायला हातोडा मारला तर तो ताण पाणी पाजताना पुन्हा वर येतो.

मुठीविषयी इथे थोडंच, कारण त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. वस्तऱ्याच्या दोन पाखांना शिंगासारखी दुसरी वस्तू नाही. विजयदुर्गच्या बाजूला शिंगाला खोबरेल लावून, ऊब देऊन, मऊ करून वळवण्याची कारागिरी एकोणिसाव्या शतकात नावाजलेली होती. तेव्हा गव्याचं शिंग वापरत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्याला हात लावायचा नाही. म्हशीचं शिंग तितकंच देखणं दिसतं. सावंतवाडीत लाकूड कातणारे आणि लाखेचं काम करणारे हात आजही आहेत. पोलाद घाटावरून येईल, पण त्याला धरणारी मूठ संपूर्ण इथली असू शकते.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक पोलादाचं रसायन, तापमानं, दगडांची निवड आणि चुका ओळखण्याच्या खुणा क्रमाने येतात. लोहाराने दाण्याचं प्रकरण आधी वाचावं, धातुशास्त्राच्या विद्यार्थ्याने दगडांचं, आणि नाभिक बांधवांनी आगीचं. पहिला वस्तरा करताना एकच पोलाद निवडा, त्याची पुरेशी लांब पट्टी एकाच हीटची घ्या, आणि पुढचे वस्तरे त्याच पट्टीतून करा. दर वेळी एकच गोष्ट बदला, तापमान किंवा तेल किंवा कडकपणा उतरवण्याचा वेळ, आणि निकाल लिहून ठेवा. पोलाद सारखं बदलत राहिलात तर धार का सुधारली आणि का बिघडली हे कधीच कळणार नाही. शेफील्डच्या पोलादाचा अभ्यास शेफील्डच्या आगीत आणि शेफील्डच्या हवेत झाला. आपल्या पट्ट्या, आपलं तेल, आपला पाऊस यांच्यातून कोणती धार उभी राहते, याची नोंद आपल्यालाच करावी लागेल, आणि ती मराठीत केली तर साळेतल्या शिकाऊ मुलाच्याही ती उपयोगी पडेल. त्या नोंदवहीत आपली पानं जोडली जावीत, या इच्छेने हे पुस्तक आपल्या हाती देत आहे.

सावंतवाडी